लांब केसवाल्यांचा खटला

२१ सप्टेंबर १९७६ रोजी प्रागच्या एका न्यायालयात चार जणांना आरोपी म्हणून उभं केलं गेलं. त्यांतला एक कलेचा इतिहास शिकलेला समीक्षक, एक प्रोटेस्टंट पाद्री, एक सॅक्सोफोन वाजवणारा आणि एक कवी-गायक. आरोप हुल्लडबाजीचा. पुरावा काय, तर त्यांच्या गाण्यांतले शब्द. तिसऱ्या दिवशी निकाल लागला. समीक्षक इवान यिरोउसला अठरा महिने, कवी पावेल झायीचेकला बारा, पाद्री स्वातोप्लुक कारासेक आणि सॅक्सोफोनवाला व्रातिस्लाव ब्राबेनेत्स यांना प्रत्येकी आठ महिने कैद. चेकोस्लोव्हाकियाच्या साम्यवादी सरकारच्या लेखी प्रकरण तिथे मिटलं होतं.

पण या खटल्याच्या दिवसांत न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि जिन्यात जी माणसं ताटकळत उभी राहिली, ती एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. पक्षातून हाकललेले जुने साम्यवादी, लिहायला बंदी असलेले लेखक, विद्यापीठातून काढलेले प्राध्यापक, आणि त्यांच्या शेजारी खांद्यापर्यंत केस वाढवलेली कामगार पोरं. त्या व्हरांड्यात जुळलेल्या ओळखींतून सव्वातीन महिन्यांत ‘चार्टर ७७’ हा जाहीरनामा उभा राहिला.

या खटल्याच्या केंद्रस्थानी असलेल्या ‘द प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडची गोष्ट सांगताना बऱ्याचदा एक सोपी दंतकथा सांगितली जाते, की गिटारवाल्यांनी एक राजवट उलथवली. तसं काही घडलेलं नाही. खरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्यांना हे संगीत मुळीच आवडत नव्हतं, अशी माणसं त्या संगीतासाठी उभी राहिली.

सुरुवात १९६८ची. त्या वर्षी अलेक्झांडर दुब्चेक यांच्या नेतृत्वाखाली देशात मोकळं वारं वाहू लागलं होतं. वर्तमानपत्रांवरचा पहारा उठला, लोक उघड बोलू लागले. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या फौजा सीमा ओलांडून आत आल्या आणि सकाळी प्रागच्या रस्त्यांवर रणगाडे उभे होते. त्यानंतर काही आठवड्यांतच प्रागच्या ब्रेवनॉव्ह भागात सतरा वर्षांच्या मिलान ह्लावसाने मित्रांना घेऊन बँड काढला. ह्लावसा खाटिककाम शिकलेला मुलगा, बास गिटार वाजवायचा. बँडचं नाव त्याने अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाच्या एका गाण्यावरून घेतलं. आक्रमणाला उत्तर द्यायचं म्हणून हा बँड निघाला नव्हता. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडच्या रेकॉर्ड ऐकून पोरांच्या अंगात जे संचारलं होतं, ते त्यांना वाजवायचं होतं, इतकंच.

एप्रिल १९६९मध्ये दुब्चेक सत्तेवरून गेले आणि त्यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले. पुढच्या काळाला सरकारनेच नाव दिलं ‘सामान्यीकरण’. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यासारखं, गप्पगार. त्यात संगीतही आलं. तिकडे बँडला व्यावसायिक कार्यक्रम करायचे तर सरकारी परवाना लागे आणि त्यासाठी एका समितीसमोर वाजवून दाखवावं लागे. इंग्रजी नाव बदला, केस कापा, गाणी जरा गोड करा, अशा मागण्या होऊ लागल्या. अनेक बँडनी त्या मान्य केल्या. घर चालवायचं होतं, मुलं लहान होती. त्यांना आज इथे बसून दोष देणं मला जमत नाही. प्लास्टिक पीपलनी मात्र मानलं नाही. १९७०मध्ये त्यांचा परवाना गेला आणि परवान्याबरोबर मिळालेली सरकारी वाद्यंही गेली.

मग योसेफ यानीचेक कामाला लागला. तो मेकॅनिक होता. जुने ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून, त्यांतले भाग जोडून त्याने ॲम्प्लिफायर तयार केले. या बँडच्या ध्वनिमुद्रणांत जी घरघर आणि खरखर ऐकू येते, तिच्यात त्या रेडिओंचाही वाटा असणार. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे संगीत झेपत नाही. मलाही झेपलं नव्हतं. व्हायोलाचा एकच सूर करवतीसारखा चालू राहतो, त्यावर सॅक्सोफोन किंचाळतो, आणि खाली बास गिटार एखाद्या कारखान्यातल्या यंत्रासारखी ठोके देत राहते.

बँडची खरी घडी बसवली ती इवान यिरोउसने. त्याला सगळे ‘मागोर’ म्हणत, म्हणजे वेडपट. तो वाद्य वाजवत नसे. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल जसा व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या मागे उभा राहिला, तसा हा यांच्या मागे राहिला. प्रागमध्ये इंग्रजी शिकवणारा कॅनेडियन तरुण पॉल विल्सन १९७०पासून दोनेक वर्षं बँडमध्ये गात होता. त्याने पुढे लिहून ठेवलेली एक हकिकत आहे. यिरोउस चित्रकार-समीक्षकांच्या अधिकृत संघटनेचा सदस्य होता, त्यामुळे त्याला व्याख्यानासाठी सभागृह मिळत असे. त्याने वॉरहॉलवर व्याख्यान ठेवलं. थोडा वेळ स्लाइड दाखवल्या, चार शब्द बोलला आणि मग ‘नमुन्यादाखल’ म्हणून बँडने व्हेल्व्हेट अंडरग्राउंडची गाणी दोनेक तास वाजवली.

१९७२मध्ये ब्राबेनेत्स आला आणि बँडचं रूप पालटलं. तो बाकीच्यांपेक्षा वयाने मोठा, धर्मशास्त्र शिकलेला, बागकाम जाणणारा. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी किती दिवस वाजवणार, आपलं वाजवा आणि आपल्या भाषेत गा, असा त्याचा आग्रह होता. शब्द मिळाले ते एगॉन बाँडी या कवीचे. बाँडीचं काही छापलं जात नव्हतं. टंकलिखित प्रती हातोहात फिरत. त्या कवितांत सरकारविरुद्ध घोषणा नव्हत्या. बिअर होती, कंटाळा होता, पोट साफ न होण्याची तक्रारही होती. सरकारी रेडिओवर दिवसभर ज्या सुखी जगाची गाणी लागत, त्या जगात माणसाला बद्धकोष्ठ होत नसे. आपलं रोजचं जिणं आपल्या भाषेत जोरात म्हणणं, एवढ्यानेच हे लोक सरकारला खुपू लागले.

प्रागमध्ये वाजवणं अशक्य झाल्यावर कार्यक्रम खेड्यांत होऊ लागले. लग्न किंवा वाढदिवस हे निमित्त. जागा शेवटपर्यंत गुप्त. तोंडोतोंडी निरोप जाई, पोरं आगगाडीने आडगावच्या स्टेशनवर उतरत आणि तिथून चालत एखाद्या खानावळीपर्यंत किंवा शेतावरच्या कोठारापर्यंत जात. कित्येकदा त्यांच्या आधी पोलीस पोचलेले असत.

३० मार्च १९७४चा दिवस या लोकांच्या स्मरणातून कधी गेला नाही. चेस्के बुड्येयोवित्से शहराजवळच्या रुडॉल्फोव्ह गावी कार्यक्रम ठरला होता आणि देशभरातून शेकडो पोरं आली होती. प्लास्टिक पीपलना वाजवायला मिळालंच नाही. पोलीस कुत्रे घेऊन आले, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि रेल्वे स्टेशनकडे हाकललं. स्टेशनच्या भुयारी रस्त्यात पोलीस दांडकी घेऊन उभे होते आणि पोरांना त्यांच्यामधून पळत जावं लागलं. मग नावं लिहून घेतली, गाडीत कोंबलं आणि प्रागला परत पाठवलं. त्या यादीमुळे कितीतरी विद्यार्थ्यांना शाळा-महाविद्यालयांतून काढून टाकण्यात आलं. गाणं ऐकायला गेले, एवढंच त्यांनी केलं होतं.

या मारहाणीनंतर यिरोउसच्या मनात एक विचार पक्का झाला आणि १९७५च्या सुरुवातीला त्याने तो लिहून काढला. सरकारी संस्कृतीशी भांडण नको आणि तिच्याकडे भीकही नको; तिच्याकडे पाठ फिरवून आपण आपली ‘दुसरी संस्कृती’ उभी करायची. आपली गाणी, आपली पुस्तकं, आपले मेळावे, आणि परवानगी कुणाचीच नाही. सप्टेंबर १९७४मध्ये पोस्तुपित्से गावी या दुसऱ्या संस्कृतीचा पहिला मेळावा झाला होता. दुसरा झाला २१ फेब्रुवारी १९७६ला बोयानोवित्से गावी, खुद्द यिरोउसच्या लग्नात.

याच सुमाराला यिरोउसची नाटककार वात्स्लाव हावेलशी गाठ पडली. दोघांचं एकमेकांविषयी मत फारसं चांगलं नव्हतं. हावेलच्या कानावर या टोळीविषयी भलभलत्या अफवा आल्या होत्या. यिरोउसला वाटे की हावेल म्हणजे सरकारने सोसलेला, सभ्य विरोधक. पत्रकार कारेल ह्विझ्जाला यांना पुढे दिलेल्या दीर्घ मुलाखतीत हावेलने ती रात्र सांगितली आहे. यिरोउसने एका जुनाट, खरखरणाऱ्या टेपरेकॉर्डरवर गाणी ऐकवली. हावेलला त्यांत अस्वस्थ करणारं काही जाणवलं, आणि ते प्रामाणिक आहे हेही जाणवलं. तिथून दोघे एका गुत्त्यात गेले आणि पहाटेपर्यंत बोलत बसले. दोनेक आठवड्यांत एक कार्यक्रम होता, त्याचं आमंत्रण हावेलला मिळालं. तो कार्यक्रम झालाच नाही.

१७ मार्चला धरपकड सुरू झाली. वीसहून जास्त जण पकडले गेले, आणखी कितीतरी चौकशीला बोलावले गेले. घरांच्या झडत्या होऊन टेप, वह्या, फोटो, हाताने बनवलेली यंत्रं जप्त झाली. आणि बरोबर सहा दिवसांनी, २३ मार्चला, नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार चेकोस्लोव्हाकियात लागू झाला. सरकारने त्यावर सही केलेली होती, आदल्या वर्षी हेलसिंकीतही मानवी हक्क पाळण्याचं वचन दिलेलं होतं. या तारखांकडे त्या वेळी फार थोड्यांचं लक्ष गेलं असेल. पुढे सगळा युक्तिवाद याच सह्यांवर उभा राहिला.

हावेलपुढचं काम सोपं नव्हतं. राजकीय कैद्यासाठी सही मागणं वेगळं आणि शिव्या असलेली गाणी गाणाऱ्या अनोळखी पोरांसाठी मागणं वेगळं. ज्येष्ठ लेखक-विचारवंत कचरत होते. त्यांचं संगीत म्हणजे ड्वोरझाक आणि स्मेताना यांच्यासारखे अभिजात संगीतकार. हावेलचं म्हणणं असं होतं की या पोरांना राजकीय भूतकाळच नाही. त्यांना फक्त आपल्या पद्धतीने जगायचं होतं. आज त्यांना मुकाट्याने आत जाऊ दिलं, तर उद्या स्वतःच्या डोक्याने विचार करणारा कुणीही हुल्लडबाज ठरेल. हळूहळू हे पटत गेलं. पुढे नोबेल मिळालेले वृद्ध कवी यारोस्लाव सायफर्ट यांच्यासह काही जणांनी जर्मन कादंबरीकार हाइनरिख ब्योल यांना जाहीर पत्र लिहिलं. युरोपभर बोभाटा झाला. उन्हाळ्यात बरेच जण सुटले. जुलैत पिल्झेनला तीन तरुणांवर एक खटला चालला. त्यांचा गुन्हा असा की त्यांनी गाण्यांचा एक कार्यक्रम भरवला होता. प्रागच्या मुख्य खटल्यात शेवटी चौघेच उरले.

त्या खटल्यावर हावेलने ‘खटला’ याच नावाचा निबंध लिहिला. त्यात एक छोटा प्रसंग आहे. न्यायालयातून बाहेर पडल्यावर त्याला एक ओळखीचा चित्रपट दिग्दर्शक भेटला. कसा आहेस, म्हणाला. हावेलने सांगितलं, खटल्याला गेलो होतो. ते अमली पदार्थांचं प्रकरण का, दिग्दर्शकाने विचारलं. हावेलने जीव तोडून सगळं समजावलं. दिग्दर्शकाने मान डोलावली आणि विचारलं, बाकी काय विशेष? त्या देशात भल्या माणसांची जी अवस्था झाली होती, ती मला या प्रसंगात दिसते. तो दिग्दर्शक वाईट नव्हता. त्याला ते ऐकणं परवडत नव्हतं.

ज्यांनी ऐकलं, त्यांत यान पातोच्का होते. तत्त्वज्ञ, वय एकोणसत्तर, प्रकृती तोळामासा. आयुष्यभर ते चळवळींपासून लांब राहिले होते. विद्यापीठातून त्यांना दूर केलं गेलं होतं आणि घरी शिष्यांना शिकवणं चालू होतं. त्यांनी या बँडविषयी एक टिपण लिहिलं. माणसाने स्वतःच्या मनाशी खरं राहून जगावं हे ते आयुष्यभर शिकवत आले होते, आणि या पोरांनी तेच केलं होतं.

ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय कराराचा मजकूर सरकारच्याच कायदेसंग्रहात छापून आला. आता कुणीही तो विकत घेऊन वाचू शकत होतं. डिसेंबरात बैठका झाल्या, मसुदा ठरला, आणि १ जानेवारी १९७७ अशी तारीख घालून ‘चार्टर ७७’ तयार झाला. सुरुवातीच्या सह्या दोनशे चाळीसच्या आसपास. प्रवक्ते तिघे: हावेल, पातोच्का आणि १९६८चे परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक. ही संघटना नव्हती, तिला घटना नव्हती आणि वर्गणीही नव्हती. सरकारने स्वतः सही केलेले कायदे स्वतः पाळावेत, इतकीच मागणी होती. अभिव्यक्तीची गळचेपी कशी होते, याचा दाखला म्हणून मजकुरात तरुण संगीतकारांवर चाललेल्या खटल्यांचा उल्लेख आहे.

६ जानेवारीला हावेल, लेखक लुडविक वात्सुलिक आणि नट पावेल लांडोव्स्की हा मजकूर संसदेकडे पोचवायला मोटारीने निघाले. पोलिसांनी त्यांना वाटेत गाठलं आणि मजकूर जप्त केला. पण तोवर प्रती पश्चिमेत पोचल्या होत्या आणि तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी त्या छापल्या. देशात मात्र तो कुठेच छापला गेला नाही. त्याऐवजी पक्षाच्या ‘रूदे प्राव्हो’ या वर्तमानपत्रात सही करणाऱ्यांवर चिखलफेक झाली आणि २८ जानेवारीला राष्ट्रीय नाट्यगृहात कलावंतांची सभा भरवून चार्टरच्या निषेधावर सह्या घेतल्या गेल्या. आठवड्याभराने लोकप्रिय गायक-वादकांचीही अशीच सभा झाली. रोज पेपरात नावांच्या याद्या येत. सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ज्या मजकुराचा निषेध केला, तो त्यांना वाचायलाही मिळाला नव्हता. प्लास्टिक पीपलनी सात वर्षांपूर्वी जे नाकारलं होतं, ते या सभांनी देशातल्या सगळ्या कलावंतांपुढे ठेवलं.

पातोच्कांना वारंवार चौकशीला बोलावलं जाऊ लागलं. एका लांबलेल्या चौकशीनंतर ते कोसळले आणि १३ मार्चला गेले. अंत्यविधी ब्रेवनॉव्हच्या दफनभूमीत झाला, म्हणजे जिथे हा बँड जन्मला त्याच भागात. आलेल्या माणसांचे पोलीस फोटो घेत होते. धर्मगुरू बोलू लागले तेव्हा डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं आणि शेजारी मोटरसायकलींची इंजिनं मोठमोठ्याने घुमवली गेली. कबरीपाशी उभ्या असलेल्यांना एकही शब्द धड ऐकू आला नाही.

बँडच्या वाट्याला पुढची दहा वर्षं आणखी वाईट आली. पॉल विल्सनला १९७७मध्ये देशाबाहेर काढलं. १९७८मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड पॅरिसमध्ये निघाली. तिच्या टेप चोरून बाहेर गेल्या होत्या. त्याच वर्षी ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवरची संगीतरचना त्यांनी हावेलच्या ह्राडेचेक इथल्या शेतघराच्या कोठारात वाजवली आणि ध्वनिमुद्रित केली. १९८१मध्ये ज्या घरात त्यांनी आपली नवी रचना वाजवली, ते घर पुढे जळून खाक झालं. चार्टरवाल्यांना छळून देश सोडायला लावण्याची मोहीम गुप्त पोलिसांनी चालवली होती. तिला कंटाळून १९८२मध्ये ब्राबेनेत्स बायकामुलांसह कॅनडाला गेला. यिरोउस पुन्हा पुन्हा आत गेला. सगळ्या शिक्षा मिळून आयुष्याची आठ वर्षं त्याने तुरुंगात काढली आणि तिथे कविता लिहिल्या. १९८८मध्ये बँडही फुटला. अधिकृत कार्यक्रम करायचे की नाहीत, या प्रश्नावर जुन्या मित्रांत दुरावा आला. छळाच्या काळात एकत्र राहिलेली माणसं दार किंचित उघडल्यावर भांडली, याचं मला वाईट वाटतं, पण नवल वाटत नाही.

नोव्हेंबर १९८९मध्ये राजवट पडली. ती पडली सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी हात काढून घेतला म्हणून, पोलंड आणि हंगेरीने आधी वाट करून दिली म्हणून, १७ नोव्हेंबरला मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांच्या मागे सगळा देश रस्त्यावर आला म्हणून. बँडचा यात थेट हात नाही. मात्र राजवट कोलमडताना सरकारशी बोलायला, देश हातात घ्यायला एकमेकांवर विश्वास असलेली माणसं लागतात. ती माणसं चेकोस्लोव्हाकियात तयार होती. चार्टरवर तोवर सुमारे एकोणीसशे सह्या झाल्या होत्या आणि त्यांत प्राध्यापक होते तसे बॉयलरच्या भट्टीवर काम करणारे आणि लांब केसवालेही होते. त्यांची ओळख १९७६च्या त्या व्हरांड्यात सुरू झाली होती. हावेल २९ डिसेंबर १९८९ला राष्ट्राध्यक्ष झाला. पुढच्याच महिन्यात फ्रँक झॅपा प्रागला आला, तेव्हा विमानतळावर तरुणांची झुंबड उडाली.

१९९७च्या जानेवारीत चार्टरला वीस वर्षं झाली. हावेलच्या इच्छेवरून प्राग किल्ल्यात, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासात, प्लास्टिक पीपल पुन्हा एकत्र आले. भांडणं बाजूला ठेवून ह्लावसा आला, यानीचेक आला, व्हायोलावाला यिर्झी काबेश आला. आणि ब्राबेनेत्सही आला, सॅक्सोफोन घेऊन. झुंबरांखालच्या त्या दालनात त्यांनी तीच गाणी वाजवली.